बोलण्यातील व्याज : उपरोध, उपहास आणि शब्दार्थविचार



विरार पूर्वेकडील चंदनसार येथे एका वासनिकांच्या घरी पोथीवाचनासाठी मुक्काम होता. सायंकाळचे वाचन आटोपल्यावर घरातील नववीत शिकणाऱ्या मुलीने प्रश्न केला, "बाबाजी, उपरोध आणि उपहास एकच का हो? परीक्षेत दोन्हींची उदाहरणे विचारतात, आणि मी दोन्हीकडे एकच उदाहरण लिहून येते." त्यावर तिच्या आजी आतूनच म्हणाल्या, "हुशार मुलींना एक उदाहरण पुरतंच!" सगळे हसले. मुलगीही हसली, परंतु क्षणभराने गंभीर होऊन तिने विचारले, "आजी मला हुशार म्हणाली. मग मला ते खरं का वाटलं नाही?"

पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. शब्द 'हुशार' हाच, त्याचा कोशातील अर्थही तोच. तरीही ऐकणाऱ्याने विरुद्ध अर्थ घेतला, आणि तो बरोबर घेतला. हे कसे घडते, याचा विचार आपल्याकडील साहित्यशास्त्राने फार बारकाईने केलेला आहे. आपल्या पंथीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर तो टाळताच येत नाही, कारण आपले आद्य ग्रंथ हे मुळात बोललेले शब्द आहेत. ते मागाहून लिहिले गेले.

प्रथम पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकू. उपहास हा हेतू आहे, उपरोध ही बोलण्याची तऱ्हा आहे. एखाद्याला सरळ 'तू मूर्ख आहेस' असे म्हणून चारचौघांत हसणे हा उपहास झाला. त्यात शब्द वाकलेला नाही. 'तुझ्या बुद्धीला तोड नाही' असे म्हणून तेच साधले तर तो उपरोध. म्हणजे उपहास उपरोधावाचून होऊ शकतो, आणि उपरोधही उपहासावाचून होऊ शकतो. आजीबाईंच्या बोलण्यात थट्टा होती, हिणवणे नव्हते. उपरोध या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात 'उप' आणि 'रुध्' यांपासून झालेल्या या शब्दाचा अर्थ अडवणूक, वेढा, अडथळा असा आहे. मराठीत मात्र तो तिरकस बोलण्यासाठी रूढ झाला. कोणत्या वाटेने झाला हे सिद्ध करणे कठीण; पण अशा बोलण्याने समोरच्याची चहूबाजूंनी कोंडी होते, त्याला 'तुम्ही मला असे का म्हणालात' असेही धड विचारता येत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. आजीने हुशार म्हटल्याबद्दल नात तक्रार कशी करणार?

'वक्रोक्ती' या शब्दाचे तर अधिकच घोटाळे आहेत. कुंतकाच्या 'वक्रोक्तिजीवित' ग्रंथात वक्रोक्ती हा समग्र काव्याचाच प्राण आहे. तेथे टोमण्याचा संबंध नाही. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तो एक शब्दालंकार आहे, आणि त्यात वाकडेपणा बोलणारा करीत नसून ऐकणारा करतो; एकाने एका अर्थाने बोललेले वाक्य दुसरा श्लेषाने किंवा स्वर पालटून मुद्दाम भलत्या अर्थाने घेतो. आणि नित्याच्या मराठीत वक्रोक्ती म्हणजे खोचक बोलणे. विद्यार्थ्याने जुना ग्रंथ वाचताना आजचा अर्थ मनात धरला, तर कुंतकाने काव्य म्हणजे टोमणे मारणे असे सांगितले, असा निष्कर्ष निघायचा! हा विनोद नाही. असे उत्तर एका उत्तरपत्रिकेत मी स्वतः वाचले आहे.

आता मूळ प्रश्न. शास्त्रकार सांगतात की शब्दाचा पहिला व्यापार अभिधा. तिने वाच्यार्थ मिळतो. तो अर्थ जेथे बसत नाही तेथे लक्षणा येते. तिला तीन गोष्टी लागतात : मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध पाहिजे, आणि एकतर तशी रूढी पाहिजे किंवा काही प्रयोजन पाहिजे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले की प्रवाहावर वस्ती संभवत नाही, म्हणून आपण 'तीरावर' असा अर्थ घेतो. येथे संबंध सामीप्याचा. उपरोधात हाच संबंध वैपरीत्याचा असतो, म्हणून तिला विपरीतलक्षणा म्हणतात. परीक्षेत दोन प्रश्नांना एकच उदाहरण लिहिणाऱ्या मुलीच्या ठिकाणी 'हुशार' हा अर्थ बसत नाही, म्हणून तो उलटतो. आणि प्रयोजन आहे ते प्रेमाने चिमटा काढण्याचे.

परंतु मुख्यार्थ बसत नाही हे कळते कशावरून? नातीने ते एका क्षणात ओळखले. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासात याची साधने मोजली आहेत. बोलणारा कोण, कोणाला उद्देशून बोलतो, कोणत्या स्वरात बोलतो, वाक्याची ठेवण कशी, वाच्य वस्तू कोणती, जवळ तिसरे कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती, आणि हातवाऱ्यांसारख्या चेष्टा. ही यादी कोरडी वाटते. पण विरारच्या लोकलगाडीत अर्धा तास उभे राहिले म्हणजे ती सबंध यादी जिवंत होऊन समोर येते. एकदा आत शिरणाऱ्या एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या पायावर पाय दिला. तो शांतपणे म्हणाला, "दुसरा पाय पण मोकळा आहे, त्यावर पण द्या!" कोशाच्या हिशेबाने हे आमंत्रण आहे. परंतु स्थळ गर्दीचे, वेळ सकाळची, पाय चेंगरलेला. आमंत्रण मानणारा मनुष्य सापडायचा नाही.

यांपैकी स्वर, म्हणजे शास्त्रातील 'काकु', सर्वांत प्रबळ आणि सर्वांत नाशवंत. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात काकूचा विचार केला तो नटांसाठी. रंगभूमीवर स्वर हाती असतो. लिहिलेल्या पानावर तो नसतो. आज आपण उद्गारचिन्ह देतो, अवतरणचिन्हांत शब्द अडकवतो. जुन्या पोथ्यांत दंडापलीकडे फारसे काही नसे. शब्दसुद्धा एकमेकांस लागून लिहीत. अशा पानावर प्रश्न, आज्ञा, थट्टा आणि उपदेश एकाच वेषात उभे असतात.

काकूपेक्षाही अवघड एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीतले आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती' या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात एक गाथा आहे. गोदावरीच्या काठच्या कुंजात एका स्त्रीचे संकेतस्थान आहे. एक धार्मिक गृहस्थ तेथे फुले वेचायला येऊ लागतो आणि तिला अडचण होते. त्या वाटेवर एक कुत्रे होते, त्याला तो भीत असे. ती त्याला निर्धास्तपणे हिंडायला सांगते, आणि कारण असे देते की त्या कुत्र्याला त्याच कुंजात राहणाऱ्या सिंहाने आज मारले! वाच्यार्थ 'ये' असा आहे, कळणारा अर्थ 'फिरकू नकोस' असा आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त हे उदाहरण घेतले : शब्दाने विधी, व्यंजनेने निषेध.

महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त याला हरकत घेतली. तो म्हणतो, व्यंजना नावाची निराळी शक्ती कशाला? हे साधे अनुमान आहे. कुत्र्याला भिणारा मनुष्य सिंह असलेल्या ठिकाणी जात नाही, एवढेच. यावर मम्मटाने दिलेले उत्तर मला नेहमीच आवडते. तो विचारतो, अनुमानाला निश्चित हेतू लागतो, तो येथे कोठे आहे? भित्रा मनुष्यही गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, प्रेमापोटी, भयस्थानी जातो. कुत्र्याचा विटाळ टाळणारा मनुष्य सिंहाला न भिणारा वीरही असू शकतो. आणि त्या ठिकाणी सिंह आहे याला प्रमाण काय? केवळ त्या स्त्रीचे बोलणे! म्हणजे तर्काच्या कसोटीवर सारे डळमळीत आहे, तरीही रसिकाला अर्थ पक्का कळतो. माझ्या मते शब्दार्थाच्या चर्चेत याहून सूक्ष्म वाद थोडेच असतील.

तथापि त्या स्त्रीचे बोलणे आणि आजीबाईंचे बोलणे एक नव्हे. स्त्रीला आपले व्याज त्या धार्मिकापासून लपवायचे आहे. वाचकाला मात्र ते दिसते. आजीबाईंना आपले व्याज ज्याला बोलले त्यालाच दिसायला हवे आहे. उलट अर्थ ऐकणाऱ्याला कळूच नये अशी इच्छा असेल तर ते कपट. कळावा अशी इच्छा असेल तर उपरोध. आणि ऐकणाऱ्याला न कळता वाचकाला कळावा अशी योजना असेल तर ते साहित्यातील व्यंग्य. ही विभागणी मी विद्यार्थ्यांना सांगतो ती सोय म्हणून. प्रत्यक्षात कडा एकमेकींत मिसळतात.

उलट अर्थाचे प्रत्येक बोलणे उपरोधाचे नसते, हेही येथेच सांगितले पाहिजे. आपल्या घरांत दिवा विझवत नाहीत, दिव्याला निरोप देतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. निघालेला मनुष्य 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. अर्थ उलटा आहे, पण येथे थट्टा कोणाचीच नाही; अमंगळ टाळण्याची ती रीत आहे. परप्रांतीयाने केवळ 'अर्थ उलटला म्हणजे उपरोध' एवढेच सूत्र पाठ केले, तर बांगडी वाढवलेल्या बाईला तो हसेल.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. 'स्मृतिस्थळा'तील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. केशवदेव आणि दामोदर पंडित हे दोघे संस्कृतज्ञ आचार्यांना संस्कृतात प्रश्न करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी ते आपल्याला कळत नाही असे सांगून, श्रीचक्रधर स्वामींनी आपल्याला मराठीतून निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच पुसावे असे बजावले. या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानासाठी नेहमी केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु उत्तराच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. आपल्याला हे कळत नाही असे सांगताना आचार्यांनी संस्कृताचीच दोन सर्वनामरूपे उच्चारली आहेत, दोन्ही पंचमीची, दोन्ही एका ठेक्याची. नुसते 'संस्कृत कळत नाही' असे म्हणून भागले असते. तसे न करता त्यांनी पंडितांच्या बोलण्याचा नाद तेवढा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. ज्याला काहीच ऐकू येत नाही तो असा नेमका नाद उचलीत नाही.

मग हे अज्ञानाचे कथन आहे की उपरोध? माझे मत असे की यात सौम्य उपरोध आहे. बोलणारे आचार्य, ऐकणारे आपल्याच परिवारातील विद्वान, प्रसंग ज्ञानाचा. मम्मटाची यादी येथे लावून पाहावी. 'कळत नाही' याचा अर्थ 'हे मला नको' असा होतो. त्याच ग्रंथात अन्यत्र, संस्कृतात ग्रंथरचना केली तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, अशी चिंता आचार्यांनी व्यक्त केली आहे. ती ध्यानात घेतली म्हणजे या उपरोधामागे कोण उभे आहे ते दिसते. काही जाणते अभ्यासक हा माझा अर्थ मान्य करीत नाहीत. ते म्हणतात, आचार्यांच्या निरहंकार वृत्तीने केलेले हे सरळ कथन आहे, त्यात तिरकसपणा पाहणे हा आधुनिक खोडसाळपणा. त्यांचे म्हणणे मी खोडू शकत नाही, कारण स्वर पानावर राहिलेला नाही. मात्र दोन सर्वनामे राहिली आहेत.

याच्या अगदी उलट दिशेचे बोलणेही आपल्या ग्रंथांत आहे. वाच्यार्थ कठोर, आतला भाव कोमल. लीळाचरित्रात सर्वज्ञ भटोबासांना 'वानरेया' म्हणतात. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात तर 'मर' या अर्थाचा उद्गार पदोपदी त्यांच्या मुखी आलेला आहे, आणि गावकरी त्यांना वेडे म्हणत. कोश उघडून बसणाऱ्याला हे शाप वाटतील. जे जवळ होते त्यांनी ते शाप म्हणून घेतले नाहीत, हे त्यांच्या वागण्यावरून दिसते. ते जवळून हलले नाहीत. घरोघरच्या आया लेकराला 'मेल्या' म्हणतात, तेव्हा लेकरूही पळून जात नाही. अलंकारशास्त्रात व्याजस्तुतीची दोन अंगे सांगितली आहेत, स्तुतीच्या मिषाने निंदा आणि निंदेच्या मिषाने स्तुती. दुसरे अंग ओळखायला पहिल्यापेक्षा अधिक जवळीक लागते.

आणि सरळ बोलणे सरळच घ्यावे, हा विवेकही पाहिजे. भास्करभट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' रचला तेव्हा, ग्रंथ चांगला उतरला पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्यांना मिळाला, आणि पुढे त्यांनी 'उद्धवगीता' रचली, अशी परंपरा आहे. काहींना या अभिप्रायात टोमणा दिसतो. मला दिसत नाही. पहिला अर्धा भाग खरी स्तुती, दुसरा खरा आक्षेप. कवीने तो तसाच घेतला, म्हणून तर आपल्याला दुसरा ग्रंथ लाभला.

शब्दाच्या अर्थावर उपरोधाचे डाग कायमचे कसे पडतात, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. थोडे येथे सांगतो. 'मुक्ताफळे' म्हणजे मोती; आज कोणाची मुक्ताफळे म्हटली की मूर्खपणाची विधाने. 'दिवे लावणे', 'उजेड पाडणे', 'गुण उधळणे', 'प्रताप' हे सारे एकेकाळी उपरोधाने वापरले गेले, आणि वापरून वापरून तोच त्यांचा नित्याचा अर्थ झाला. संन्यस्ताला विशेष खटकतात ते धर्माचे शब्द. 'ध्यान' म्हणजे विचित्र दिसणारा मनुष्य. 'प्रसाद' म्हणजे छडीचा मार. आणि 'उद्धार' हा तर जीवाच्या अंतिम कल्याणाचा शब्द; बाजारात कोणी कोणाचा उद्धार केला म्हणजे आईबापांपर्यंत शिव्या दिल्या. पूर्वी मला याचा राग येई. आता वाटते की जो शब्द लोकांना खरोखर मोठा वाटतो त्याच्यावरच उपरोध चढतो. क्षुल्लक शब्द उलटा करून कोणाला काय मिळणार?

याउलट काही शब्दांना परिभाषेने वेगळा अर्थ आला आहे, आणि तेथे उपरोध नसताना वाचक दचकतो. आपल्या ग्रंथांत 'वासना' म्हणजे पाठभेद. लीळा अमुकाने अशी सांगितली, तमुकाने तशी, ही ती नोंद. 'गंगा' म्हणजे बहुधा गोदावरी. 'देवता' म्हणजे परमेश्वर नव्हे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे. हे ठाऊक नसणारा, अमक्याची वासना निराळी असे वाचून भलतेच समजेल.

अर्थ उलटा घेण्यावरून मनुष्य तुरुंगातही जातो. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली 'काळ' साप्ताहिक काढले आणि परकीय सत्तेची उघड निंदा न करता स्तुतीच्या आवरणाखाली तिची लक्तरे काढली. वाचणाऱ्या मराठी माणसाला अर्थ कळे. सरकारपुढे मात्र अडचण अशी की शब्दांत तो अर्थ दाखवता येत नसे. अखेर १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनीही आपल्या खटल्यात, मराठी शब्दांची इंग्रजी भाषांतरे चुकीची आहेत, असा वाद न्यायालयात घातला. काकु, प्रसंग आणि देशकाल गाळून केलेले भाषांतर हाच तेथे पुरावा होता.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. म्हाइंभटांनी सुमारे शके १२०० म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास गावोगाव हिंडून लीळा गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. केशिराजबासांनी त्यांतून वचने वेचून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचन लीळेतून उचलले की प्रसंग मागे राहतो, म्हणून पुढे 'प्रकरणवश' तयार झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारा. मम्मटाच्या यादीतील 'बोलणारा, ऐकणारा, प्रसंग' यांचीच ही पुनःस्थापना आहे. स्वर मात्र त्यांनाही परत आणता आला नाही. कोठे कोठे 'हास्य केले' अशी नोंद आहे, तेवढाच आधार. ज्यांनी ती नोंद गाळली नाही त्या लेखकांचे आपल्यावर ऋण आहे.

याविषयी स्वतःचा एक अनुभव सांगून थांबतो. दीक्षेपूर्वी मी विद्यार्थी असताना प्रथमच गुरुजींसमोर एका प्रकरणाचे निरूपण केले. ते संपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता आम्हीच तुमच्यापाशी शिकायला बसावे." मी हर्षभराने ते वाक्य जसेच्या तसे कार्डावर लिहून आईला कळवले. आईने ते गावभर वाचून दाखवले. महिन्याभराने एका वडील गुरुबंधूंनी मला बाजूला घेऊन सांगितले की त्या दिवशी मी दोन समास चुकीचे सोडवले होते आणि गुरुजी उपरोधाने बोलले होते. मी लाजून गेलो. परंतु दुसऱ्या बाजूला बसलेले गुरुबंधू पुढे म्हणाले, "छे, समास चुकले खरे, पण गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होते." मी स्वतः त्या वेळी मान खाली घालून बसलो होतो, म्हणून मी काही पाहिले नाही. गुरुजींना विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि आता ते नाहीत. आईला खरे-खोटे मी कधी कळवले नाही.

चंदनसारच्या त्या मुलीला हे सांगितले, तेव्हा तिने बराच वेळ विचार करून विचारले, "दोघांचंही बरोबर असेल तर?" आजीबाई या वेळी काही बोलल्या नाहीत. माघाच्या 'शिशुपालवधा'त सोळाव्या सर्गात शिशुपालाचा दूत असे बोलतो की प्रत्येक श्लोकाचा एक अर्थ सलोख्याचा आणि दुसरा अपमानाचा निघतो, आणि दोन्ही अर्थ शब्दांत खरोखरच असतात. तेथे ती कवीची करामत आहे. गुरुजींच्या साध्या वाक्यात तसे असू शकेल, हे मला त्या मुलीने विचारीपर्यंत सुचले नव्हते. ते कार्ड माझ्यापाशी आहे. त्याच्या पाठीमागे मी दोन्ही गुरुबंधूंच्या वासना लिहून ठेवल्या आहेत; खाली तिचीही लिहिली.